तळ्यात मासे मेले, तर आधी घड्याळ बघा

उन्हाळा संपता संपता, किंवा पावसाच्या पहिल्या झोडपणीनंतर, इंदूरच्या आसपास कुठल्या ना कुठल्या तळ्यात मासे पोट वर करून तरंगायला लागतात. काठावर गर्दी जमते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो: कुणीतरी विष टाकलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मासे विषानं मेलेले नसतात, गुदमरलेले असतात. गुदमरण्यामागेही बहुतेक वेळा माणसाचंच सांडपाणी असतं, तेव्हा कुणीच दोषी नाही असा याचा अर्थ नाही. मात्र कारण बदललं की उपाय बदलतो आणि तक्रार कुणाकडे करायची तेही बदलतं. अमोनियाच्या त्रासाला ऑक्सिजनची कमतरता समजून चुना ओतला, तर उरलेसुरले मासेही संध्याकाळपर्यंत जातात.

तलाव पट्ट्यावर घेतलेली मच्छीमार समिती, शेतात एखादं तळं राखणारे, सोसायटीच्या बागेतल्या हौदाची काळजी वाहणारे काका, नाहीतर इंदूरच्या बिलावली-सिरपूर तलावांच्या काठानं रोज फिरणारे, कुणालाही वापरता येईल अशी ही पद्धत आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. लागतं ते वेळेवर पोहोचणं. उन्हात पडलेला मासा तास-दोन तासांत निरुपयोगी होतो, आणि नाल्यातून आलेलं विष दुपारपर्यंत वाहून पुढे गेलेलं असतं.

पहिली पायरी: मासे कधी मरायला लागले?

काठावर पोहोचल्यावर पहिला प्रश्न हाच. चौकीदार, जाळेवाला, पहाटे फिरणारे आजोबा, जो भेटेल त्याला विचारा. "भिया, कब से?" एवढं पुरतं. उत्तर वहीत वेळेसकट लिहा.

वेळेला इतकं महत्त्व का, ते ऑक्सिजनच्या हिशोबात आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांवर साडेसात. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे त्यातूनही थोडा वजा होतो, म्हणून उन्हाळ्यात आपल्या तळ्यात सातच्या आसपासच धरा. आता त्यात मैलापाणी येतं. एक लिटर कच्च्या मैलापाण्यातली घाण कुजायला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे बादलीभर मैलापाणी तळ्यातल्या तीस-चाळीस बादल्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन पिऊन टाकू शकतं.

सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजतं. पाणी हिरवंगार होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, तळं किती जिवंत! दिवसा ते शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेतं, मासेही घेतात, तळाचा गाळही घेतो. त्यामुळे चोवीस तासांतला सगळ्यात वाईट क्षण सूर्योदयाच्या आधीचा असतो. दोन-तीन दिवस आभाळ राहिलं, तर दिवसाची भरपाईही होत नाही. वळवाच्या जोरदार सरीनं वरचं पाणी एकदम गार होऊन खाली गेलं, तर तळाचं कुजकट, ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं आणि एका रात्रीत तळं साफ होतं.

म्हणून पहाटे मासे मेलेले दिसले, जिवंत असलेले तोंड वर काढून हवा गिळत होते आणि ऊन चढल्यावर पुन्हा खाली गेले, तर जवळजवळ नक्की समजा की ऑक्सिजन संपला होता.

दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान मासे मरू लागले, तर अमोनियाचा संशय घ्या. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, त्यामुळे पीएच (पाणी आम्लाकडे झुकलंय की क्षाराकडे ते सांगणारा आकडा) चढतो, कधी ९ च्या वर जातो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक तुलनेनं निरुपद्रवी, दुसरं कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरणारं. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर या विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहून कमी असतो. पीएच ८ ला तो साडेसात टक्के होतो आणि ९ ला जवळपास ४५ टक्के. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, पण सकाळी जगलेला मासा दुपारी मरतो.

आणि घड्याळाशी काही संबंधच नसेल, रात्री दहालाही आणि सकाळी अकरालाही मरत असतील, तेही नाल्याच्या तोंडापासून सुरू होऊन पुढे पसरत, तर मग काठावरच्या गर्दीचं म्हणणं गंभीरपणे घ्या.

दुसरी पायरी: कोण मेलं, कोण वाचलं

मेलेले मोजण्याआधी वाचलेले शोधा. ऑक्सिजन संपतो तेव्हा मोठे मासे आधी जातात, बोटभर पिल्लं काठाच्या उथळ पाण्यात तग धरतात. मरळ, मागूर, सिंगी हे हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे तर मजेत असतात. कतला, रोहू, मृगळ मेले आणि मरळ जिवंत, एवढी एकच नोंद अर्धं निदान करून देते.

कीटकनाशकात उलट घडतं. बारके आधी मरतात, आणि त्यांच्याही आधी झिंगे आणि पाणकिडे. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं लिटरला मायक्रोग्रॅमच्या मापातच मासे मारतात, कारण माशाचं शरीर ती फार हळू फोडतं. पाण्यावर पळणारे किडे नाहीसे झालेत का, झिंगे काठावर चढून मेलेत का, हे बघा. मरळ-मागूरही मेले असतील, तर ऑक्सिजनचा मुद्दा मागे पडला.

तिसरी पायरी: मरणारा मासा आणि त्याचे कल्ले

मेलेला मासा फार थोडं सांगतो. मरणारा भरपूर सांगतो. हातजाळ्यानं एक उचला, बादलीत घ्या आणि दोन मिनिटं नुसते बघत राहा.

शरीराला झटके येताहेत, मासा गोल फिरतोय, छातीचे पर पुढे ताणलेत, पाठीचा कणा वाकलाय: ही सेंद्रिय फॉस्फेट गटाच्या कीटकनाशकांची लक्षणं. ही औषधं मज्जातंतूंतला संदेश थांबवणारं विकर बंद पाडतात आणि स्नायू आखडलेले ते आखडलेलेच राहतात. गुदमरलेला मासा असा नाचत नाही. तो सुस्त असतो, आणि मेल्यावर त्याचं तोंड आणि कल्ल्यांची झाकणं उघडी राहतात.

मग झाकण उचलून कल्ले बघा. निरोगी कल्ले लालभडक असतात आणि वहीच्या पानांसारखे सुटे सुटे. चॉकलेटी झालेले असतील तर नायट्राइट. ते रक्तातलं हिमोग्लोबिन बदलतं, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा तो वाहून नेऊ शकत नाही. फिके, पांढुरके कल्ले आणि हौदात नुकतंच नळाचं पाणी सोडलेलं असेल तर क्लोरीन. पिण्याच्या पाण्यात नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरायला हवं असतं. आपल्याला ते सुरक्षित ठेवतं, पण माशाच्या कल्ल्यांना त्याच्या दहाव्या हिश्शानंही इजा होते. सोसायट्यांच्या हौदांत मासे मरण्याचं हे फार सामान्य कारण आहे, आणि दोष मात्र शेजारच्या मुलांवर जातो.

कल्ल्यांवर जाडसर चिकट थर असेल तर जड धातू, साबण-डिटर्जंट किंवा गढूळपणा, यांपैकी काही. कल्ले आणि रक्त अनैसर्गिक लालचुटुक, आणि वर कुठे धातूंवर मुलामा चढवण्याचं काम चालत असेल, तर सायनाइडची शंका घ्या आणि पाण्यात हात घालू नका.

हे सगळं ताज्या माशापुरतं खरं. मेल्यावर कल्ले आपोआप फिकट होतात, म्हणून सकाळी मेलेल्या माशावरून दुपारी क्लोरीनचा आरोप करू नये.

चौथी पायरी: पाणी मोजा आणि बादलीची परीक्षा करा

काचेच्या टाक्यांसाठी मासे विकणाऱ्या दुकानात पीएच, अमोनिया आणि नायट्राइटची किट मिळतात. सोबत एक थर्मामीटर, आणि जमलं तर ऑक्सिजनचं मीटर. पाण्याची पारदर्शकता मोजायला वीतभर व्यासाच्या थाळीवर काळे-पांढरे चतकोर रंगवा, मधोमध दोरी बांधा, खुणा करा आणि दिसेनाशी होईपर्यंत सोडा. मत्स्यतळ्यात थाळी २५ ते ४० सेंटीमीटरला दिसेनाशी होणं ठीक. २० च्या आत हिरव्या पाण्यात गडप झाली, तर शेवाळ अति झालं आहे आणि पहाट धोक्याची आहे.

मोजमाप दोनदा घ्या, सूर्योदयाआधी आणि दुपारी तीनला. एकाच वेळेचा आकडा फसवतो. पोह्यांच्या आधी तळ्यावर जाणं इंदूरकराच्या जिवावर येतं हे मान्य, पण सकाळी दहाला मोजलेला ऑक्सिजन नेहमीच छान येतो.

आकडे कशाशी ताडायचे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठीच्या 'ड' वर्गाच्या पाण्याचे निकष ठरवले आहेत: पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर, मुक्त अमोनिया १.२ च्या आत. यातल्या अमोनियाच्या आकड्यावर मी फारसा विसंबणार नाही. विषारी रूपातला अमोनिया सतत ०.०५ मिलिग्रॅमच्या वर राहिला तरी कल्ले खराब व्हायला लागतात. ऑक्सिजन ५ च्या वर असेल तर उत्तम, ३ खाली मासे खाणं सोडतात, २ खाली काही तास गेले की रोहू-कतलासारखे कार्प मासे मरू लागतात. दुकानातलं किट एकूण अमोनिया दाखवतं; त्यातला विषारी वाटा वर दिलेल्या टक्केवारीनं स्वतः काढावा लागतो.

आता बादलीची परीक्षा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे आणि जवळपास कुणी करत नाही. तीन बादल्या घ्या. पहिलीत तळ्याचं पाणी, जसंच्या तसं. दुसरीत तळ्याचंच पाणी, पण काचेच्या टाकीला लावतात तो हवेचा छोटा पंप लावून. तिसरीत एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं नळाचं (इंदुरात नर्मदेचं) पाणी, तेही पंप लावून. प्रत्येकीत बाहेरून आणलेले चार-पाच निरोगी छोटे मासे सोडा. पहिलीतले मेले आणि दुसरीतले जगले, तर ऑक्सिजन. पहिली आणि दुसरी दोन्ही मेल्या, तिसरी जगली, तर पाण्यात विष आहे, मग ते अमोनिया असो वा औषध. तिसरीतलेही मेले तर तुमचे मासेच आजारी होते, परीक्षा पुन्हा करा.

पाचवी पायरी: नमुना, जो पुढे टिकेल

तक्रार करायची असेल तर नमुना नीट हवा. कीटकनाशकासाठी गडद रंगाची काचेची बाटली, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल. पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली इथे चालत नाही. औषध प्लास्टिकला चिकटतं आणि अहवाल कोरा येतो. धातूंसाठी मात्र स्वच्छ प्लास्टिकच, आणि प्रयोगशाळेनं दिलेलं नायट्रिक आम्ल घालून. ऑक्सिजनचा नमुना नुसता नेऊन उपयोग नसतो, तो जागेवरच रसायन घालून पक्का करतात, म्हणून तिथेच मीटरनं मोजणं सोपं. सगळे नमुने बर्फात ठेवा. तीन ठिकाणांहून घ्या: नाल्याच्या तोंडाशी, त्याच्या वरच्या अंगाला, आणि तळ्याच्या मध्याकडे. वरचा नमुना नसेल तर नाल्यावर बोट ठेवता येत नाही.

मासे घ्यायचे ते मरणाच्या दारातले. काही फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात. कल्ले आणि यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकासाठी १० टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात. ते गोठवू नयेत, पेशी फुटतात. सोबत फोटो, वेळ आणि ठिकाण.

शहरात नालेगटाराची तक्रार 'इंदूर ३११' ॲपवर करता येते. कारखान्याचा किंवा रसायनाचा संशय असेल तर मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूरमधल्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी अर्ज द्या आणि जल प्रदूषण अधिनियम १९७४ चा उल्लेख करा. पट्ट्याचा तलाव असेल तर मत्स्य विभागाकडून पंचनामाही करून घ्या. कुणी मुद्दाम विष घालून मासे धरत असेल, तर तो १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

तोवर माशांसाठी काय करायचं

खाद्य ताबडतोब बंद. कणकेच्या गोळ्या घालायला येणाऱ्या भाविकांनाही हात जोडून थांबवा. न खाल्लेली कणीक कुजताना ऑक्सिजनच खाते. शेणखत टाकत असाल तर तेही थांबवा.

पंपानं तळ्याचंच पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत टाका. बोअरचं पाणी सोडायचं तर उंचावरून, चाळणीतून पडू द्या, कारण जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जेमतेम असतो.

चुना मोजमापाशिवाय टाकू नका. तो पीएच वाढवतो आणि अमोनियाला धार चढवतो. शेवाळ मारायला मोरचूद तर मुळीच नको: तांबं कल्ल्यांना विषारी, आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना त्या रात्रीचा ऑक्सिजन संपवतं.

नायट्राइटवर साधं मीठ चालतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. नायट्राइटच्या दहापट क्लोराइड हवं. १०,००० लिटरच्या हौदात लिटरमागे नायट्राइट २ मिलिग्रॅम असेल तर क्लोराइड लिटरमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे अख्ख्या हौदाला मीठ सुमारे ३३० ग्रॅम. क्लोरीनवर सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनच्या साधारण सातपट वजनानं.

मेलेले मासे काढून खोल पुरा. विकू नका, खाऊ नका, कुत्र्यांना घालू नका.

जे मासे मरत नाहीत त्यांचं काय

तरंगणारे मासे बातमीत येतात. पण प्रदूषणाचा मोठा भार न मरणाऱ्यांवर असतो, आणि तो जाळं ओढणाऱ्यालाच आधी कळतो.

कल्ल्यांना सततची इजा झाली की त्यांच्या पेशी वाढून थर जाड होतो, शेजारची पानं एकमेकांना चिकटतात. विषापासून तो बचाव असतो, पण ऑक्सिजन आत यायचं अंतर वाढतं. असा मासा ४ मिलिग्रॅममध्येही धापा टाकतो. त्याची ताकद श्वासातच जाते; वाढीला आणि अंड्यांना उरत नाही. प्रतिकारशक्ती घटते, आणि एरवी पाण्यात असणारेच जिवाणू, बुरशी आणि परजीवी त्याला गाठतात: पोट फुगणं, खवले उभे राहणं, कापसासारखी बुरशी, अंगावर माशांच्या उवा. हिवाळ्यातले लाल व्रण मात्र लगेच प्रदूषणाच्या खात्यात टाकू नका. १९८८ पासून भारतात एक बुरशीजन्य व्रणरोग आहे, तो तुलनेनं स्वच्छ पाण्यातही येतो.

तांब्यानं माशाची वास घेण्याची क्षमता जाते. त्याला ना खाणं हुंगता येतं, ना जखमी सोबत्यानं सोडलेला धोक्याचा इशारा. कॅडमियम कॅल्शियमच्याच वाटेनं आत शिरतं. माळव्याचं काळ्या दगडातलं पाणी जड आहे, त्याचा इथे थोडा फायदा होतो: पाण्यातलं कॅल्शियम धातूंना कल्ल्यांवर बसू देत नाही. पण गाळात साठलेलं शिसं आणि क्रोमियम तिथेच राहतं. विसर्जनाच्या रंगांवर आणि प्लास्टर ऑफ पॅरिसवर केंद्रीय मंडळानं २०२० च्या सुधारित सूचनांत जे निर्बंध घातले, ते या गाळामुळे. पारा आणखी वर चढतो. लहान माशापेक्षा त्याला खाणाऱ्या मरळीत जास्त, आणि मरळ खाणाऱ्याच्या ताटात त्याहून. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही रामसर स्थळांवर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांवर) येणारे पाणपक्षी याच साखळीत आहेत.

हार्मोन्सची गोष्ट वेगळी आणि जास्त अस्वस्थ करणारी. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका प्रायोगिक तलावात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इस्ट्रोजेन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम इतकंच सोडलं होतं. मिनो नावाच्या छोट्या माशांच्या नरांमध्ये मादीची लक्षणं आली आणि काही वर्षांत तिथली मिनोंची वस्ती जवळपास संपली. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मासे पोट वर करून तरंगण्याची वाट बघितली असती, तर हे कळलंच नसतं.

हे हळू बिघडणं पकडायला एक वजनकाटा आणि पट्टी पुरते. माशाचं वजन ग्रॅममध्ये घ्या, त्याला शंभरानं गुणा, आणि लांबी सेंटीमीटरमध्ये घेऊन तिच्या घनानं भागा. ३० सेंटीमीटरचा ३२० ग्रॅमचा रोहू १.१९ देतो, म्हणजे अंगानं बरा. त्याच तळ्यात, त्याच जातीत, त्याच महिन्यात हा आकडा दरवर्षी घसरत असेल, तर पाण्यात काही बिनसलं आहे. दोन तळ्यांची तुलना यावर करू नका, जातीजातींची तर नाहीच. वहीत जातीही लिहा. रोहू-कतला बीज टाकूनही जाळ्यात टिलापिया आणि मागूरच उरत असतील, तर ते बहुधा सांडपाण्याचं तळं झालं आहे. पकडलेल्या माशाला मातकट वास येत असेल तर निळ्या-हिरव्या शेवाळाची शंका घ्या. रॉकेलसारखा वास असेल तर तेल किंवा रसायन.

इथलं वर्ष कसं जातं

एप्रिल ते जूनमध्ये पाणी आटतं, गरम होतं आणि मैलापाण्याचा वाटा वाढतो. पहिल्या पावसात रस्ते, गटारं आणि कान्ह नदीच्या नाल्यांत साठलेली घाण एकदम खाली येते. जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या फवारण्या. शेताला लागून तळं असेल तर फवारणीनंतरचे दोन-तीन दिवस आणि त्यातला पाऊस सांभाळा, बांधाकडे गवताचा रुंद पट्टा राखा आणि पंप तळ्यात धुऊ देऊ नका. अनंत चतुर्दशीनंतर गाळ आणि निर्माल्य. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' (सांडपाणी प्रक्रियेशिवाय बाहेर न सोडणारं) शहर म्हणून मान मिळाला, नाल्यांत थेट जाणारी कितीतरी गटारं बंद झाली, ते काम मोठं आहे. पण माशाला प्रमाणपत्र वाचता येत नाही, त्याला पहाटे चारचा ऑक्सिजन लागतो.

पुन्हा मासे कधी सोडायचे

राज्यात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, आणि पाऊस स्थिरावला की बीज टाकायची घाई होते. मासे मेलेल्या तळ्यात घाई नको. पहाटेचा ऑक्सिजन सलग काही दिवस ४ च्या वर आणि दुपारचा पीएच ८.५ च्या आत आला की हाप्यात, म्हणजे पाण्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, वीसेक बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडा, एक हापा नाल्याकडे आणि एक लांब. चार दिवस बघा. दोन्हीकडची जगली तर बाकी बीज आणा, पिशव्या अर्धा तास तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग हळूहळू तळ्याचं पाणी पिशवीत घेत सोडा. नाल्याकडच्या हाप्यातली मेली, तर बीजाचे पैसे आधी त्या नाल्याच्या तोंडाशी बांध घालण्यावर खर्च करा.